जावामध्ये मोठ्या संख्या कशा हाताळाव्यात: इंटपासून बिगइंटिजरपर्यंत

जावा शिकायला लागलेला जवळजवळ प्रत्येकजण फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम लिहितो. १ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सगळ्या पूर्णांकांचा गुणाकार, एवढाच. १२ चा फॅक्टोरियल ४७९००१६०० येतो आणि तो बरोबर असतो. १३ चा मागितला की १९३२०५३५०४ येतो, आणि तो साफ चुकीचा असतो. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे. प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरात काही दिसत नाही, कंपायलरही गप्प असतो. आकडा धन आहे, दहा अंकी आहे, दिसायला अगदी पटण्यासारखा आहे.

मोठ्या संख्यांच्या बाबतीत नवशिक्यांचा जो गोंधळ होतो तो बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. मशीन चुकल्याचं सांगेल असं आपण धरून चालतो, आणि ते सांगत नाही. त्यामुळे कोणता टाइप घ्यायचा हे गणित लिहिण्याआधी ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं, कुठे पाय घसरतो आणि गरज पडली तर बिगइंटिजर (हवे तेवढे मोठे पूर्णांक) व बिगडेसिमल (अचूक दशांश) कसे वापरायचे, हे खाली क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं जावाची आहेत, पण सी किंवा सी शार्पवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- जावाचं जेडीके (जावा लिहायला आणि चालवायला लागणारं सॉफ्टवेअर), शक्यतो १७ किंवा त्यापुढची आवृत्ती. इथल्या काही मेथड जुन्या आवृत्त्यांत नाहीत.
- जेशेल. हे जावा ९ पासून जेडीकेसोबतच येतं. एक ओळ लिहा, एंटर दाबा, उत्तर लगेच समोर. क्लास नको, मेन मेथड नको. खालचं प्रत्येक उदाहरण त्यात करून बघा.
- उत्तर पडताळायला दुसरं एखादं साधन. पायथन असेल तर उत्तम, कारण त्याचे पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात आणि मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न येत नाही.
- कागद आणि पेन. पहिली पायरी कागदावरच होते.

कीवर्ड आणि मेथडची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

१. कोडच्या आधी सर्वांत मोठी किंमत काढा

एकच प्रश्न विचारा: या गणितात कुठल्याही क्षणी येऊ शकणारी सर्वांत मोठी संख्या कोणती? इथे ‘कुठल्याही क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे. बहुतेकजण शेवटच्या उत्तराचा अंदाज घेतात आणि मधल्या पायऱ्या विसरतात.

उदाहरण घ्या. ३० वस्तूंमधून १५ किती प्रकारे निवडता येतील? उत्तर १५५११७५२०. हे इंट या नेहमीच्या पूर्णांक टाइपमध्ये आरामात बसतं. पण सूत्र जसंच्या तसं लिहिलं तर आधी ३० चा फॅक्टोरियल काढावा लागतो आणि तो ३३ अंकी आहे. तो इंटमध्ये बसत नाही, त्याहून मोठ्या लाँगमध्येही बसत नाही. उत्तर छोटं, वाट मात्र प्रचंड मोठी. अशा वेळी टाइप बदलण्याआधी वाट बदलता येते का ते बघा. एका अवयवाने गुणायचं, लगेच पुढच्याने भागायचं, असं ओळीने करत गेलं तर हेच गणित लाँगमध्ये सहज होतं. गुणाकार आधी आणि भागाकार नंतर हा क्रम सांभाळला की प्रत्येक भागाकार निःशेष जातो.

अंदाज काढताना अंक मोजणं पुरतं. नऊ अंकी संख्येला नऊ अंकी संख्येने गुणलं तर उत्तर सतरा किंवा अठरा अंकी येणार. एक लाख संख्यांची बेरीज करायची आहे आणि प्रत्येक संख्या एक अब्जापर्यंत असू शकते, तर बेरीज १ वर १४ शून्यं इथपर्यंत जाणार. एवढं कळलं की टाइप आपोआप ठरतो.

हा अंदाज कोडमध्ये टिप्पणी म्हणून लिहून ठेवा आणि माहिती बदलली की पुन्हा काढा. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात घालायचा प्रयत्न झाला, आणि ती त्यात मावली नाही. तो भाग आधीच्या एरियान ४ मधून घेतला होता. जुन्या रॉकेटच्या उड्डाणमार्गात ती किंमत कधीच एवढी वाढत नव्हती. नव्याचा वेग वेगळा होता, पण अंदाज जुनाच राहिला.

२. मर्यादा ओळखीच्या करून घ्या

पूर्णांकांसाठी जावात चार मूळ टाइप आहेत. बाइट ८ बिटांचा, −१२८ ते १२७. शॉर्ट १६ बिटांचा, −३२७६८ ते ३२७६७. इंट ३२ बिटांचा, −२१४७४८३६४८ ते २१४७४८३६४७, म्हणजे सुमारे दोनशे चौदा कोटी. लाँग ६४ बिटांचा, आणि त्याची वरची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ही १९ अंकी संख्या.

सगळे अंक पाठ करायची गरज नाही. नऊ अंकांपर्यंत इंट, अठरा अंकांपर्यंत लाँग, त्यापुढे बिगइंटिजर, एवढं डोक्यात पक्कं बसलं की झालं. दहा अंकी संख्या इंटमध्ये कधी बसते, कधी नाही. अशा सीमेवर उभं राहून विचार करत बसण्यापेक्षा सरळ लाँग घ्या. आजच्या मशीनवर एखाद्या व्हेरिएबलपुरता इंट आणि लाँग यांच्या वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. लाखो घटकांचा ॲरे असेल तेव्हा मात्र लाँगला दुप्पट जागा लागते, तिथे विचार करा.

बाइट आणि शॉर्ट नवशिक्यांनी सोडून द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. जागा वाचवण्यासाठी लोक ते वापरतात. पण दोन बाइटची बेरीज केली की जावा ती इंटमध्येच करतं, आणि उत्तर परत बाइटमध्ये ठेवायला कास्ट (टाइप बदलण्याची स्पष्ट सूचना) लिहावा लागतो. फाइल किंवा नेटवर्कवरून कच्चा डेटा वाचत नसाल तर या वाटेला जाऊ नका.

३. ओव्हरफ्लो (टाइपची मर्यादा ओलांडणं) आतून समजून घ्या

बाइटवर हे सर्वांत लवकर समजतं. १२७ म्हणजे बिटांमध्ये ०१११११११. त्यात १ मिळवला की १००००००० होतं. सर्वांत डावीकडचा बिट चिन्ह ठरवतो. तो १ झाला की संख्या ऋण, आणि हा नमुना −१२८ चा आहे. म्हणजे मशीनने बेरीज बरोबरच केली, फक्त उत्तर ठेवायला नववा बिट नव्हता. इंट आणि लाँगचंही असंच. कमाल मर्यादेत १ मिळवला की सरळ किमान मर्यादेवर.

यावरून पुष्कळांचा समज होतो की ओव्हरफ्लो झाला की उत्तर ऋण येतं, आणि मग ते ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढीच तपासणी लिहितात. हा सापळा आहे. १३ च्या फॅक्टोरियलचं चुकीचं उत्तर धन होतं हे वर पाहिलंच. त्याहून विचित्र म्हणजे, इंट वापरून ३४ चा फॅक्टोरियल काढला तर उत्तर चक्क ० येतं. कारण ३४ पर्यंतच्या संख्यांच्या गुणाकारात २ हा अवयव बरोबर ३२ वेळा येतो. त्यामुळे शेवटचे ३२ बिट शून्य होतात, आणि इंटकडे तेवढेच बिट असतात. पुढच्या प्रत्येक संख्येचा फॅक्टोरियलही मग शून्यच. चिन्ह बघून ओव्हरफ्लो पकडता येत नाही, हे एकदा स्वतः लूप चालवून बघा म्हणजे कायमचं लक्षात राहील.

४. लाँग लिहिलं तरी गणित इंटमध्ये होऊ शकतं

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा. मर्यादा माहीत असूनही लोक इथेच फसतात.

लाँग एकूण = १०००००० * १००००००;

डावीकडे लाँग आहे, उत्तर तेरा अंकी, म्हणजे बसायला हवं. प्रत्यक्षात −७२७३७९९६८ येतं. कारण जावा आधी उजवी बाजू सोडवतं, आणि उजवीकडचे दोन्ही आकडे इंट आहेत. गुणाकार इंटमध्ये झाला, तिथेच बिघडला, आणि बिघडलेलं उत्तर मग लाँगमध्ये ठेवलं गेलं. उपाय सोपा: निदान पहिल्या आकड्याच्या शेवटी एल हे अक्षर लावा. मोठा एल लावा, लहान एल कित्येक फाँटमध्ये एक या अंकासारखा दिसतो. आकडे नसून इंट व्हेरिएबल असतील तर पहिल्या व्हेरिएबलला लाँगमध्ये कास्ट करा. कंसाकडे नीट लक्ष द्या. पूर्ण गुणाकार कंसात घालून बाहेर कास्ट लावला तर काही उपयोग नाही, नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं.

हीच चूक वेगवेगळ्या वेषांत भेटते.

वेळेच्या गणितात: ३० दिवसांचे मिलिसेकंद म्हणजे ३० * २४ * ६० * ६० * १०००. खरं उत्तर २५९२००००००, इंटमध्ये मिळतं −१७०२९६७२९६. चोवीस दिवसांपर्यंत हेच सूत्र बरोबर चालतं, पंचविसाव्या दिवसापासून बिघडतं. म्हणून आठवड्याभराच्या मुदतीवर केलेल्या चाचणीत ते सापडत नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद इंटमध्ये ठेवणारं कोडही याच जातीचं. १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ नंतर ते उलटेल.

बेरजेत: इंटस्ट्रीमवर सम मागितलं की उत्तर इंटच येतं, घटक कितीही असोत. आधी मॅपटूलाँग किंवा ॲजलाँगस्ट्रीम करा, मग सम. कलेक्टर्समधलं समिंगइंटही तसंच वागतं.

अधिक-बरोबर या चिन्हात: इंट व्हेरिएबलमध्ये साध्या बरोबरच्या चिन्हाने लाँग ठेवायला गेलात तर कंपायलर अडवतो. पण अधिक-बरोबर वापरलं तर तो स्वतःहून कास्ट करून टाकतो आणि काहीच बोलत नाही. बेरीज साठवणारं व्हेरिएबल इंट राहिलं आणि त्यात लाँग किमती मिळवल्या जात आहेत, हे कोड बिनतक्रार कंपाइल होतं. म्हणून बेरीज साठवायला पहिल्यापासून लाँग घ्या.

मधला बिंदू काढताना: सुरुवात आणि शेवट यांची बेरीज करून दोनने भागणं अगदी निरुपद्रवी वाटतं. पण जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये ही चूक कित्येक वर्षं होती, आणि २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच ती जाहीरपणे समजावून सांगितली. ॲरे सुमारे शंभर कोटी घटकांच्या पुढे गेला तरच ती दिसते, म्हणून इतके दिवस लपली. सुरुवात अधिक (शेवट वजा सुरुवात) भागिले २ असं लिहा.

तुलनेत: कंपॅरेटरमध्ये (क्रम ठरवणाऱ्या कोडमध्ये) ‘अ वजा ब’ परत करायची सवय असेल तर सोडा. एक संख्या मोठी धन आणि दुसरी मोठी ऋण असली की वजाबाकी उलटते आणि क्रमवारी बिघडते. इंटिजर.कंपेअर त्यासाठीच आहे.

आणि एक छोटी गोष्ट. मॅथ.ॲब्स हे इंटच्या किमान किमतीसाठी ऋण उत्तर देतं, कारण २१४७४८३६४८ ही धन संख्या इंटमध्ये अस्तित्वातच नाही. हॅशकोडचं ॲब्स घेऊन ॲरेचा इंडेक्स काढणाऱ्यांनी त्याऐवजी मॅथ.फ्लोअरमॉड वापरावं.

५. गप्प चुकण्यापेक्षा थांबलेलं बरं

जावा ८ पासून मॅथ क्लासमध्ये ॲडएग्झॅक्ट, सबट्रॅक्टएग्झॅक्ट, मल्टिप्लायएग्झॅक्ट आणि टूइंटएग्झॅक्ट या मेथड आहेत. काम नेहमीचंच, पण उत्तर मावलं नाही तर ॲरिथमेटिकएक्सेप्शन येतं. फॅक्टोरियलच्या लूपमध्ये साध्या गुणाकाराऐवजी मॅथ.मल्टिप्लायएग्झॅक्ट लिहा: इंट असेल तर १३ वर, लाँग असेल तर २१ वर प्रोग्रॅम थांबेल. खोटं उत्तर पुढे जाणार नाही.

माझा आग्रह आहे की पैसा, साठा, मोजमाप अशा ठिकाणी याच मेथड वापरा, आणि वेग खरोखरच कमी पडतोय असं मोजून दिसल्याशिवाय काढू नका. साधा कास्ट आणि टूइंटएग्झॅक्ट यांत तर काही स्पर्धाच नाही. तीन अब्ज ही लाँग किंमत इंटमध्ये कास्ट केली तर −१२९४९६७२९६ मिळते. तीच तीन अब्ज डबल या दशांश संख्यांच्या टाइपमध्ये असेल आणि तिथून इंटमध्ये कास्ट केली तर २१४७४८३६४७ मिळते, म्हणजे किंमत कमाल मर्यादेवर अडकते. एकच संख्या, एकच कास्ट, दोन वेगळी खोटी उत्तरं. टूइंटएग्झॅक्ट लाँग किमतीसाठी आहे, आणि ती असं काही परत करण्याऐवजी थांबते.

६. फक्त बाकी हवी असेल तर मोठी संख्या बनवूच नका

स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांत ‘उत्तराला १००००००००७ ने भागून बाकी द्या’ असं असतं. ही मूळ संख्या आहे, आणि तिच्याहून लहान दोन संख्यांचा गुणाकार लाँगमध्ये नक्की बसतो. प्रत्येक गुणाकारानंतर लगेच बाकी घ्या, शेवटी एकदाच नको. वजाबाकी असेल तर जावाचं टक्केचिन्ह ऋण बाकी देऊ शकतं (−७ ला २ ने भागल्यावर ते −१ देतं), तेव्हा फ्लोअरमॉड वापरा. भागाकार असेल तर बाकी घेतलेल्या संख्या सरळ भागता येत नाहीत, तिथे व्यस्त काढावा लागतो. बिगइंटिजरमध्ये त्यासाठी मॉडइन्व्हर्स आहे.

७. बिगइंटिजर

आता खरोखरच मोठ्या संख्या. २१ चा फॅक्टोरियल, १०० चा (१५८ अंक), १००० चा (२५६८ अंक), किंवा कूटलेखनातल्या २०४८ बिटांच्या संख्या, ज्या दशमानात सुमारे ६१७ अंकी होतात. यांच्यासाठी जावा.मॅथ पॅकेजमधला बिगइंटिजर. त्याला व्यवहारात मेमरी एवढीच मर्यादा.

बनवण्याचे दोन मार्ग. संख्या लाँगमध्ये बसत असेल तर बिगइंटिजर.व्हॅल्यूऑफ. त्याहून मोठी असेल तर ती अवतरणात स्ट्रिंग म्हणून लिहून न्यू बिगइंटिजरला द्या. व्हॅल्यूऑफच्या कंसात पंचवीस अंकी आकडा सरळ लिहिला तर ‘इंटिजर नंबर टू लार्ज’ अशी एरर येते. व्हॅल्यूऑफमध्ये दोष नाही, कोडमध्ये सरळ लिहिलेला आकडा लाँगपेक्षा मोठा असूच शकत नाही. झिरो, वन आणि टेन हे तयार मिळतात, टू जावा ९ पासून.

चिन्हं चालत नाहीत. अधिकसाठी ॲड, वजासाठी सबट्रॅक्ट, मग मल्टिप्लाय, डिव्हाइड, मॉड, पॉव. फॅक्टोरियलच्या लूपमधली मुख्य ओळ अशी दिसेल:

गुणाकार = गुणाकार.मल्टिप्लाय(बिगइंटिजर.व्हॅल्यूऑफ(क));

डावीकडचं ‘गुणाकार =’ विसरलात तर उत्तर शेवटपर्यंत १ राहील. बिगइंटिजर एकदा बनला की बदलत नाही. प्रत्येक मेथड नवा ऑब्जेक्ट परत करते, जुना तसाच राहतो. नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ खाणारी ही एकच गोष्ट आहे, कारण ओळ वाचताना सगळं बरोबर वाटतं.

दुसरी ठेच तुलनेची. दोन बरोबरची चिन्हं इथे किंमत तपासत नाहीत, ऑब्जेक्ट एकच आहे का ते तपासतात. समान आहेत का यासाठी इक्वल्स, लहान-मोठं यासाठी कंपेअरटू आणि त्याचं उत्तर शून्याशी ताडून बघा. मोठ्या आय अक्षराने सुरू होणाऱ्या इंटिजर टाइपचंही असंच आहे, आणि तिथे तर −१२८ ते १२७ या किमतींचे ऑब्जेक्ट जावा जपून ठेवतं. म्हणून दोन बरोबरची चिन्हं लहान आकड्यांवर चालतात आणि मोठ्यांवर अचानक चालेनाशी होतात. चाचणी लहान आकड्यांवर केली तर चूक हाती लागत नाही.

मॉड आणि रिमेंडर या दोन वेगळ्या मेथड आहेत. मॉडचं उत्तर कधीच ऋण नसतं, रिमेंडरचं असू शकतं.

घातांकाचं गणित करून बाकी हवी असेल तर मॉडपॉव वापरा. ३ चा दहा लाखावा घात काढून मग मॉड घेतला तर मशीन आधी ४७७१२२ अंकी संख्या बनवतं आणि नंतर टाकून देतं. मॉडपॉव प्रत्येक टप्प्यावर बाकी घेत जातं, त्यामुळे संख्या कधी फुगतच नाही. फरक सेकंदांचा नाही, प्रोग्रॅम उपयोगी पडतो की नाही इतका मोठा असतो.

वेगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. शाळेत शिकलेल्या पद्धतीने गुणाकार केला तर अंक दुप्पट झाले की काम चौपट होतं. १९६० मध्ये अनातोली कारात्सुबा यांनी दाखवलं की चार छोट्या गुणाकारांचं काम तीनांत होतं, म्हणजे अंक दुप्पट झाले तर काम सुमारे तिप्पटच वाढतं. जावा ८ पासून बिगइंटिजर मोठ्या संख्यांसाठी कारात्सुबाची पद्धत आणि त्याहून मोठ्यांसाठी टूम-कुक पद्धत आपणहून वापरतो. पण त्याचा फायदा दोन्ही संख्या मोठ्या असतील तेव्हाच मिळतो. फॅक्टोरियलच्या साध्या लूपमध्ये एक संख्या हजारो अंकी आणि दुसरी चार अंकी असते, तिथे ही पद्धत लागूच होत नाही. म्हणून फार मोठा फॅक्टोरियल हवा असेल तर १ ते एन ही यादी मधोमध तोडा, दोन्ही अर्ध्यांचे गुणाकार वेगळे काढा, मग एकमेकांशी गुणा, आणि प्रत्येक अर्ध्यासाठीही तेच करा. कोड दहा-बारा ओळींचाच होतो, आणि मोठ्या एनसाठी वेळ कितीतरी कमी लागतो.

छापणंही फुकट नाही. आत संख्या द्विमानात असते, दशमानात आणायला गणित लागतं. लूपमध्ये प्रत्येक फेरीला मोठी संख्या छापणारा प्रोग्रॅम गुणाकारापेक्षा छापण्यातच अडकतो. किती अंकी आहे एवढंच हवं असेल तर बिटलेंग्थला ०.३०१०३ ने गुणा, अंदाज मिळतो.

परत लाँगमध्ये यायचं असेल तर लाँगव्हॅल्यूएग्झॅक्ट. नुसतं लाँगव्हॅल्यू वरचे बिट गुपचूप कापून टाकतं.

८. डबल मोठा आहे, पण अचूक नाही

‘डबल तर ३०८ शून्यांपर्यंत जातो, मग तोच का नको?’ हा प्रश्न रास्त आहे. डबलची कमाल किंमत सुमारे १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात. पण त्याच्याकडे अंक साठवायला ५३ बिटच असतात, म्हणजे पंधरा-सोळा अर्थपूर्ण अंक. ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) इथपर्यंतचे सगळे पूर्णांक अचूक, पुढे मधले पूर्णांक गळायला लागतात. १ वर १८ शून्यांच्या आसपास दोन शेजारच्या डबल किमतींत १२८ चं अंतर असतं. तिथे १ मिळवला काय आणि ५० मिळवले काय, संख्या हलत नाही. फ्लोट या लहान दशांश टाइपचं तर १६७७७२१६ पासूनच असं होतं.

मॅथ.पॉव याच कारणाने फसवतं, कारण त्याचं उत्तर डबल असतं. ३ चा ३९ वा घात लाँगमध्ये बसतो. मॅथ.पॉव(३, ३९) काढून लाँगमध्ये कास्ट करा आणि शेवटचा अंक बघा. तीनचा घात नेहमी विषम असतो. उत्तर सम येईल, कारण त्या आकारात डबल फक्त ५१२ च्या पटीतल्या संख्या साठवू शकतो. पूर्णांकांचे घात लूपने किंवा बिगइंटिजर.पॉवने काढा.

लाँगमधून डबलमध्ये जाताना जावा कास्टसुद्धा मागत नाही. एकाच गणितात लाँग आणि डबल मिसळले की शेवटचे अंक निसटू शकतात, तेवढं ध्यानात असू द्या. मोजमापं, सरासरी, आलेख, भौतिकशास्त्रातली गणितं यांना डबलच योग्य आहे, तिथे बिगडेसिमल आणणं म्हणजे वेग वाया घालवणं.

९. दशांश अचूक हवे असतील तर बिगडेसिमल

०.१ अधिक ०.२ हे डबलमध्ये ०.३०००००००००००००००४ येतं. ४.३५ ला १०० ने गुणून इंटमध्ये कास्ट केलं तर ४३५ नाही, ४३४ मिळतात. ०.१ ही द्विमानात न संपणारी संख्या आहे, म्हणून ती जवळपासच्या किमतीवर थांबवली जाते. हिशेबाच्या कामात दोन रस्ते आहेत: रक्कम सर्वांत लहान एककात लाँग म्हणून ठेवा, किंवा बिगडेसिमल वापरा. साध्या बेरीज-वजाबाकीला मी पहिला रस्ता सुचवेन. दर, टक्के, बरेच दशांश आले की दुसरा.

बिगडेसिमल स्ट्रिंगमधून बनवा, म्हणजे ०.१ अवतरणात लिहा. अवतरण काढलं तर ती आधी डबल होते आणि बिगडेसिमल प्रामाणिकपणे ०.१००००००००००००००००५५५ अशा लांबलचक किमतीने सुरू होतो.

१ ला ३ ने भागायला सांगितलं की ॲरिथमेटिकएक्सेप्शन येतं, कारण उत्तर संपत नाही. किती दशांश स्थळं ठेवायची आणि राउंडिंग कसं करायचं हे डिव्हाइडला सांगावं लागतं. हाफअप २.५ चे ३ करतं. हाफइव्हन २.५ चे २ आणि ३.५ चे ४ करतं. कुठली पद्धत वापरायची हे ज्याचा हिशेब आहे त्याला विचारा, प्रोग्रॅमरने मनाने ठरवायची ही गोष्ट नाही.

इक्वल्सला २.० आणि २.०० वेगळे वाटतात. इथे तुलना नेहमी कंपेअरटूने.

१०. संख्या प्रोग्रॅमच्या बाहेर जाते तेव्हा

जावामध्ये सगळं नीट करूनही संख्या वाटेत बिघडू शकते. डेटाबेसमधला इंट कॉलम बहुधा ३२ बिटांचाच असतो. नोंदींचा क्रमांक वाढत जाणार असेल तर सुरुवातीलाच बिगइंट घ्या, भरलेल्या टेबलचा कॉलम नंतर बदलणं फार त्रासाचं असतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचा साधा नंबर म्हणजे डबलच, त्यामुळे जेसनमधून (डेटा मजकूर म्हणून पाठवण्याच्या पद्धतीतून) पाठवलेला ९००७१९९२५४७४०९९३ तिथे शेवटी २ घेऊन उगवतो. मोठे क्रमांक जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून पाठवा. एक्सेल पंधरा अंकांनंतरचे अंक शून्य करतं, तिथे तो रकाना मजकूर म्हणून ठेवा.

११. चाचणी आणि लक्षणांवरून निदान

चाचणीत ०, १, −१, टाइपची कमाल व किमान किंमत, आणि त्या दोन्हींच्या अलीकडची-पलीकडची संख्या असायलाच हवी. यादृच्छिक आकडे टाकून या कडा सहसा सापडत नाहीत. त्यासोबत एक उत्तर तरी पायथनकडून किंवा बिगइंटिजरने काढून ताडून बघा.

उत्तर चुकलंच तर लक्षण बरंच सांगून जातं:

- धन हवं तिथे मोठी ऋण संख्या आली: इंट किंवा लाँगचा ओव्हरफ्लो. पायरी ४ ची यादी धरून उजवी बाजू तपासा.
- उत्तर बरोबर २१४७४८३६४७ आलं: डबलमधून इंटमध्ये कास्ट झाला आहे.
- अचानक शून्य आलं आणि पुढे शून्यच राहिलं: लांब गुणाकार. किंवा दोन इंटचा भागाकार, ज्यात दशांश भाग गळून गेला.
- पहिले पंधरा-सोळा अंक बरोबर आणि पुढचे चुकीचे: वाटेत कुठेतरी डबल आहे. मॅथ.पॉव, मॅथ.एसक्यूआरटी (वर्गमूळ) आणि जेसन आधी बघा.
- उत्तर सुरुवातीच्या किमतीवरच अडकलं: बिगइंटिजरचा परत आलेला ऑब्जेक्ट कुठे साठवलाच नाही.
- ०१० लिहिलं आणि ८ मिळाले: आकड्याआधी शून्य लावला की जावा तो अष्टमान समजतं. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून शून्य लावू नका, अंकांच्या मध्ये अंडरस्कोअर घाला. जावा ७ पासून ते चालतं, आणि हजाराचे गट करा की लाख-कोटीचे, कंपायलरला दोन्ही सारखेच.